खाणीतील पाठ आणि पडद्यावरील गोळी

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील डोंगराळ मुलखात बेट्सी मॅलम नावाची एक तरुणी कोळशाच्या खाणीत काम करते. खाणीत तिच्या पाठीला जबर इजा होते. गावाचा विश्वास संपादन केलेले वयस्क डॉक्टर सॅम्युएल फिनिक्स तिला एक नवी वेदनाशामक गोळी देतात. गोळीचा परिणाम बारा तास टिकतो आणि तिचे व्यसन जडण्याचा संभव शेकडा एकाहूनही कमी आहे, असे औषध कंपनीच्या तरुण प्रतिनिधीने त्यांना पटवून दिलेले असते. डॉक्टर प्रतिनिधीवर विश्वास ठेवतात, बेट्सी डॉक्टरांवर विश्वास ठेवते, आणि या विश्वासाची किंमत दोघांनाही मोजावी लागते. बेट्सी व्यसनाच्या गर्तेत सापडून प्राणास मुकते. खुद्द डॉक्टरही एका अपघातानंतर तीच गोळी घेऊ लागतात आणि तिच्या आहारी जातात.

‘डोपसिक’ या आठ भागांच्या मालिकेतील हे एक प्रमुख कथासूत्र आहे. बेथ मेसी या पत्रकार लेखिकेच्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकावरून डॅनी स्ट्राँग यांनी ती रचली आणि २०२१ साली ‘हुलू’ या वाहिनीवर ती दाखविण्यात आली. बेट्सीची भूमिका केटलिन डेव्हर हिने, तर डॉक्टरांची मायकेल कीटन यांनी केली आहे. बेट्सी आणि फिनिक्स ही पात्रे कल्पित आहेत. कंपनी मात्र खरी आहे, तिचे मालक खरे आहेत आणि तिचा अपराध न्यायालयात सिद्ध झालेला आहे. खऱ्या कंपनीचे नाव घेऊन तिच्या पापाचा पाढा वाचण्याचे धैर्य व्यापारी वाहिनीने दाखविले, ही गोष्ट सामान्य नव्हे.

तरीही या मालिकेविषयी एक प्रश्न उपस्थित करणे अगत्याचे आहे. कथेचा आरंभ एका दुखऱ्या पाठीपासून होतो. त्या पाठीचे पुढे काय झाले? गोळी कथेत आली की सारे लक्ष गोळीकडे वळते. व्यसन, चोरी, कुटुंबाची फरपट, न्यायालय, वकील आणि धनाढ्य मालक यांनी पडदा व्यापून जातो. ज्या दुखण्यामुळे बेट्सी डॉक्टरांच्या दारी आली ते दुखणे कथेला पुढे ढकलण्यापुरते वापरले जाते आणि मग बाजूला पडते. ही केवळ कथानकाची उणीव असती तर तिची दखल नाट्यसमीक्षकांवर सोपविता आली असती. परंतु ही उणीव पडद्यापुरती नाही. धोरण आखणाऱ्यांनीही नेमकी हीच चूक केली, आणि तिची शिक्षा ज्यांचा काही अपराध नव्हता अशा लक्षावधी दुखणाइतांनी भोगली.

कंपनीचे पाप

प्रथम मालिकेच्या पदरात तिचे माप टाकले पाहिजे. ‘ऑक्सिकॉन्टिन’ या गोळीला अमेरिकन औषध प्रशासनाने १९९५ च्या डिसेंबरात मान्यता दिली आणि १९९६ साली परड्यू फार्मा कंपनीने ती बाजारात आणली. औषध सावकाश शोषले जात असल्याने त्याच्या गैरवापराचा संभव घटतो ‘असे मानले जाते’, हे वाक्य वेष्टनावरील माहितीपत्रकात छापण्यास प्रशासनाने संमती दिली होती. कोण मानते आणि कशाच्या आधारे मानते, याचा उल्लेख नव्हता. ते माहितीपत्रक मंजूर करण्यात ज्या अधिकाऱ्याचा वाटा होता तोच पुढे कंपनीच्या नोकरीत दाखल झाला.

‘शेकडा एकाहून कमी’ या आकड्याची कुळकथाही अशीच उद्बोधक आहे. १९८० साली एका वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचे एक पत्र छापून आले होते. रुग्णालयात दाखल असताना अफूजन्य औषध मिळालेल्या ११,८८२ रुग्णांपैकी केवळ चौघांत व्यसन आढळल्याची नोंद त्यात होती. हे रुग्ण रुग्णालयाच्या देखरेखीखाली होते. घरी राहून महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांविषयी त्या पत्रात एक अक्षरही नव्हते. पण विक्रीशास्त्राला अशा भेदांची अडचण होत नाही. गोळीची वार्षिक विक्री १९९६ मध्ये ४ कोटी ८० लाख डॉलर होती. २००० मध्ये ती ११० कोटी डॉलरच्या घरात गेली. चार वर्षांत वीसपटीहून अधिक झालेली ही वाढ अमेरिकेतील वेदना वीसपट वाढल्यामुळे झाली, असे कोणीही म्हणणार नाही.

२००७ साली कंपनी आणि तिचे तीन उच्च अधिकारी यांनी गुन्हा कबूल केला आणि ६३ कोटी डॉलरहून अधिक दंड भरला. कोणी तुरुंगात गेले नाही. २०२० मध्ये कंपनीने पुन्हा गुन्हे कबूल केले. मालक असलेल्या सॅक्लर कुटुंबाला यापुढील सर्व दाव्यांपासून अभय देणारी तडजोड अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळली. २०२५ च्या नोव्हेंबरात सुमारे ७४० कोटी डॉलरच्या नव्या योजनेस दिवाळखोरी न्यायालयाची मान्यता मिळाली. गुन्हा हा धंद्याच्या खर्चाचाच एक भाग ठरावा, असा हा व्यवहार आहे. यातील २०२१ पूर्वीचा बराचसा इतिहास मालिका ठसठशीतपणे मांडते, आणि त्याबद्दल तिचे ऋण मान्य केले पाहिजे.

रोज मरे त्याला कोण रडे

मग दुखणे का हरवते? एक कारण माध्यमाच्या स्वभावात आहे. नाटकाला घटना हवी असते. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या वेदनेला वैद्यकशास्त्र दीर्घकालीन वेदना म्हणते, आणि २०२२ पासून अमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात तिला प्रथमच स्वतंत्र स्थान मिळाले आहे. अशा वेदनेत घटना नसते. काल दुखत होते, आज दुखते आहे, उद्याही दुखणार आहे. आजार हत्तीच्या पावलांनी येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो, अशी म्हण आहे. हा आजार मुंगीच्या पावलांनीही जात नाही. रक्त वाहत नाही, हाड मोडलेले दिसत नाही, अनेकदा क्ष-किरणांच्या छायाचित्रातही काही उमटत नाही. रोज मरे त्याला कोण रडे, या न्यायाने प्रेक्षकही दुसऱ्या भागात रडेनासा होतो, हे निर्मात्याला पक्के ठाऊक असते.

वेदना सतत पडद्यावर ठेवणारी मालिकाही झाली. ‘हाऊस’ ही मालिका २००४ ते २०१२ या काळात अमेरिकेत गाजली. ह्यू लॉरी यांनी रंगविलेला तिचा नायक स्वतः डॉक्टर. उजव्या मांडीतील स्नायूचा रक्तपुरवठा तुटल्याने कायमचा लंगडा झालेला, हातात काठी आणि खिशात गोळ्यांची बाटली. येथे दुखणे एका भागापुरते नव्हते, आठ वर्षे टिकले. पण ते कोणाचे दुखणे? ते एका अलौकिक बुद्धीच्या, भरपूर वेतन घेणाऱ्या डॉक्टरचे दुखणे होते. त्याचा तुसडेपणा रुग्णालय खपवून घेते, कारण त्याच्यावाचून रोगनिदान अडते. खाणीतील मजुराने पाठ दुखते म्हणून मुकादमाशी असे वर्तन केले तर दुसऱ्या दिवशी त्याची जागा दुसरा घेईल. वेदनेने माणूस तल्लख होतो, ही कल्पना ज्याला वेदनेचा खाडा परवडतो त्याच्याच बाबतीत रंगते. शिवाय त्या मालिकेतही सहकारी फिरून फिरून एकच प्रश्न विचारतात: याला खरोखर दुखते आहे, की हा व्यसनी आहे? दुखणाईत माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करूनच त्याची कथा सांगावयाची, ही रीत तेथेही सुटलेली नाही.

खाणकामगारांच्या इतिहासातच याला एक बोलके उदाहरण आहे. १९६८ च्या नोव्हेंबरात वेस्ट व्हर्जिनियातील फार्मिंग्टन येथील खाणीत स्फोट होऊन ७८ कामगार मृत्युमुखी पडले. खाणीतून उसळणारा धूर दूरचित्रवाणीवर घरोघर दिसला आणि देश हळहळला. परंतु कोळशाच्या धुळीने काळी पडलेली, वर्षानुवर्षे धापा टाकणारी हजारो कामगारांची फुप्फुसे त्यापूर्वी कोणत्याही कॅमेऱ्याला दिसली नव्हती. ती दिसण्यासाठी १९६९ च्या फेब्रुवारीत सुमारे चाळीस हजार कामगारांना, आपल्याच संघटनेच्या नेतृत्वाला न जुमानता, काम बंद करावे लागले. त्या संपापुढे राज्याने नुकसानभरपाईचा कायदा केला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस केंद्रीय कायदाही झाला. अपघात कॅमेऱ्याने दाखविला. रोग दाखविण्यासाठी संप करावा लागला. पाठीच्या दुखण्याच्या वाट्याला असा संपही आलेला नाही.

स्वस्त गोळी, महाग वेळ

येथून प्रश्न अर्थकारणाकडे वळतो. परड्यू कंपनीने लबाडीने गोळी विकली, हे खरे. पण कोणताही माल केवळ विक्रेत्याच्या लबाडीवर इतका खपत नाही. त्याला गिऱ्हाईक लागते. हे गिऱ्हाईक कोण होते? केवळ रुग्ण आणि डॉक्टर असे उत्तर दिले तर ते अपुरे आहे. रुग्ण गोळी घेतो, डॉक्टर ती लिहून देतो. पैसा बहुतांशी विमा कंपनी देते, आणि दुखावलेला मजूर शक्य तितक्या लवकर पाळीवर परतावा ही निकड मालकाची असते. या दोघांना पाठ बरी होण्यापेक्षा पाठीची तक्रार थांबणे सोयीचे होते.

वेदनेवर उपचार कसा करावा, हे त्यावेळी ठाऊक नव्हते असे नाही. जॉन बोनिका हे भूलतज्ज्ञ तरुणपणी व्यावसायिक कुस्तीगीर होते आणि त्या कुस्त्यांतील दुखापतींनी त्यांना आयुष्यभर वेदना दिली. १९५३ मध्ये त्यांनी वेदनेच्या उपचारावर बृहद्‌ग्रंथ लिहिला आणि १९६० च्या सुमारास सिएटलच्या विद्यापीठात असे केंद्र उभारले, की जेथे शल्यविशारद, मज्जातज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ, व्यायामोपचारक हे सर्व एकाच रुग्णाचा एकत्र बसून विचार करीत. अशी केंद्रे पुढे अमेरिकेत ठिकठिकाणी निघाली. त्यांचा दोष एवढाच, की त्यांना वेळ लागे आणि माणसे लागत. नव्वदीच्या दशकात विमा कंपन्यांनी अशा केंद्रांची देयके मंजूर करण्यास अधिकाधिक नकार दिला, आणि एकामागून एक केंद्रे बंद पडली. आठवड्यांचा उपचार महाग, तर दहा मिनिटांची भेट आणि एक चिठ्ठी स्वस्त, असा हा हिशेब होता. नवी गोळी आली ती या पोकळीत. तिने जागा निर्माण केली नाही, रिकामी झालेली जागा बळकावली.

त्या खाणप्रदेशाने तर याहून वेगळी व्यवस्था स्वतः अनुभवली होती. १९४६ च्या संपानंतर कामगारांनी असा करार पदरात पाडून घेतला, की प्रत्येक टन कोळशामागे पाच सेंट कामगारांच्या कल्याण निधीत जमा व्हावेत. पुढे हा दर वाढत गेला. या निधीच्या माणसांनी डोंगरदऱ्यांत हिंडून, पाठीचा कणा दुखावल्याने वर्षानुवर्षे अंथरुणास खिळलेले कामगार शोधून काढले आणि त्यांना आगगाडीने दूरच्या पुनर्वसन केंद्रांत पोहोचविले. १९५६ साली केंटकी, व्हर्जिनिया आणि वेस्ट व्हर्जिनिया या राज्यांत निधीच्या दहा रुग्णालयांचे उद्घाटन झाले. पुढे कोळशाची मागणी घटली, यंत्रे आली, कामगार कमी झाले, निधी आटला आणि साठीच्या दशकात ही रुग्णालये संघटनेच्या हातून गेली. बेट्सी ज्या मुलखात राहते त्या मुलखाचा हा इतिहास आहे. तो ठाऊक नसेल तर तेथील लोक भोळे होते म्हणून फसले, अशी समजूत होते. वस्तुतः त्यांच्याजवळ एकेकाळी होते ते निघून गेले होते, आणि त्याच्या जागी औषध कंपनीचा प्रतिनिधी हसतमुखाने उभा राहिला होता.

गोळी गेली, दुखणे राहिले

केवळ गोळी पाहणाऱ्या दृष्टीचा परिणाम पुढे काय झाला, ते आकडेच सांगतात. अमेरिकेत अफूजन्य वेदनाशामकांच्या चिठ्ठ्या २०१२ साली सर्वाधिक, म्हणजे २५ कोटींहून अधिक लिहिल्या गेल्या. त्यानंतर निर्बंध आले आणि २०२० मध्ये ही संख्या १४ कोटींच्या आसपास उतरली. याच काळात अफूजन्य पदार्थांच्या अतिसेवनाने होणारे मृत्यू मात्र वाढतच गेले. २०१० मध्ये ते सुमारे २१ हजार होते, २०२१ मध्ये ८० हजारांवर गेले. कारण आता मारक ठरत होते ते चोरट्या बाजारातील फेंटॅनिल. आणि दीर्घकालीन वेदना? २०१६ मध्ये अमेरिकेतील प्रौढांपैकी शेकडा २०.४ जणांना ती होती; २०२३ मध्ये शेकडा २४.३ जणांना. चिठ्ठ्या घटल्या, मृत्यू वाढले, वेदनाही वाढली. २०२२ नंतर मृत्यूंचा आकडा उतरू लागला ही समाधानाची गोष्ट आहे. पण वेदनेचा आकडा उतरल्याची वार्ता नाही.

२०१६ साली तेथील रोगनियंत्रण केंद्राने डॉक्टरांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. ती सल्ल्याच्या स्वरूपाची होती. विमा कंपन्या, औषधविक्रेते आणि राज्य सरकारे यांनी तिचे कायद्यात रूपांतर केले. वर्षानुवर्षे ठराविक मात्रेवर असलेल्या, नोकरी-संसार सांभाळणाऱ्या रुग्णांचीही औषधे एकाएकी तोडली गेली. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २०१८ च्या डिसेंबरात अशा रुग्णांच्या हालअपेष्टांचा अहवाल प्रसिद्ध केला. २०१९ मध्ये औषध प्रशासनालाच इशारा द्यावा लागला, की औषध एकदम बंद केल्यास असह्य वेदना आणि आत्महत्या यांचा धोका संभवतो. २०२२ मध्ये रोगनियंत्रण केंद्राने आपल्या तत्त्वांचा गैरवापर झाल्याचे मान्य करून ती सुधारली. तोवर व्हावयाचे नुकसान होऊन गेले होते.

यावर असा आक्षेप घेतला जाईल, की ही गोळी दीर्घकालीन वेदनेवर मुळातच फारशी उपयोगी नव्हती. हा आक्षेप बिनतोड आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका वर्षभराच्या चाचणीत कंबर, गुडघा आणि खुबा यांच्या जुनाट दुखण्यावर अफूजन्य औषधे इतर साध्या औषधांपेक्षा सरस ठरली नाहीत. तेव्हा गोळी परत द्या, अशी मागणी येथे नाही. प्रश्न असा आहे, की गोळी काढून घेतली तेव्हा तिच्या जागी काय दिले? बंद पडलेली केंद्रे पुन्हा उघडली काय? खाणीतील पाळीचे तास घटले काय? भरपाई मागणाऱ्या मजुराला आपली वेदना सिद्ध करण्यासाठी कराव्या लागणाऱ्या खेपा वाचल्या काय? वेदना होते असे माणूस सांगतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखावा, असे वेदनाशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली आपल्या व्याख्येला जोडून नमूद केले आहे. विमा कचेरीच्या खिडकीपाशी हा मान अद्याप पोहोचलेला नाही.

या मालिका आता भारतातील घरांतही पाहिल्या जातात, म्हणून येथील प्रेक्षकाने त्यातून कोणता बोध घ्यावा हेही पाहिले पाहिजे. अफूजन्य औषध म्हणजे विष, असा सरसकट बोध येथे नेला तर तो अनर्थकारक ठरेल. भारत हा औषधी अफूचे अधिकृत उत्पादन करणारा देश आहे. तरीही १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील जाचक तरतुदींमुळे देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर वर्षाला शेकडो किलोंवरून १९९७ पर्यंत वीस किलोंच्या आत आला, आणि कर्करोगाने तळमळणाऱ्यांना औषध असूनही मिळेना. २०१४ मध्ये कायदा सुधारला, पण रुग्णालयांची धास्ती कायद्याइतक्या सहजी सुधारत नाही. अमेरिकेत औषधाचा पूर, भारतात दुष्काळ. दोन्हीकडे दुखणाईत माणसाला कोणी विचारले नाही, एवढे मात्र समान. उलट केरळात १९९३ पासून कोझिकोड येथे सुरू झालेल्या कार्याने दाखवून दिले, की शेजारच्या स्वयंसेवकांनी घरी जाऊन चौकशी केली, परिचारिका नियमित आली, औषध जबाबदार हातांतून मिळाले, तर औषधाचा गैरवापर न होताही वेदना आटोक्यात ठेवता येते. २००८ साली त्या राज्य सरकारने हे आपले धोरण म्हणून स्वीकारले. सिएटलच्या केंद्राला आणि खाणकामगारांच्या निधीला जे उमगले होते तेच येथेही उमगले. वेदनेवर माणसांचा वेळ खर्च करावा लागतो, आणि तो खर्च कोणीतरी सामुदायिकपणे उचलावा लागतो.

औषध कंपनीच्या मालकाला खलनायक करणे नाटकाला सोपे जाते, कारण खलनायकाला चेहरा असतो. देयक नाकारणाऱ्या विमा कंपनीला चेहरा नसतो, कमी उंचीच्या बोगद्यात ओणवे राहून केलेल्या पाळ्यांना चेहरा नसतो. तरी चांगल्या कलावंताने तो शोधला पाहिजे. बेट्सीची पाठ सकाळी अंथरुणातून उठताना कशी आखडते, पाळी संपल्यावर तिला गाडीत बसावयास किती वेळ लागतो, भरपाईच्या अर्जावर कोणता शेरा येतो, हे दाखविणारी मालिका अद्याप यावयाची आहे. ती येईल तेव्हा सॅक्लर कुटुंबाचा अपराध तिळमात्र कमी होणार नाही. मात्र त्यांना शिक्षा झाली की प्रश्न सुटला, असे समजून प्रेक्षकाला निश्चिंत मनाने दूरचित्रवाणी संच बंद करता येणार नाही.